विषम सेकंद

घड्याळ चालत होतं, पण सेकंद सगळे सम. शून्य, शून्य, दोन, दोन, चार, चार. मिनिटंही मधूनच भलतीच यायची. तीन संध्याकाळी मी त्यातच अडकलो होतो. बॅटरी बदलली, लायब्ररी बदलली, बीसीडीचं (ज्यात प्रत्येक दशमान अंक चार बिटांत लिहितात, त्याचं) दशमानात रूपांतर करणारी ओळ पुन्हा लिहिली. फरक शून्य.

प्रकल्प साधा होता: हालचालींची वेळेसकट नोंद ठेवायची. त्यासाठी डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल आणि एमपीयू६०५० हा हालचाल मोजणारा जायरो, दोन्ही एकाच आय-टू-सी बसवर (म्हणजे अनेक चिप्स त्याच दोन तारांवरून बोलतात अशा जोडणीवर). वेळ आधीच लावलेली होती, फक्त वाचायची होती. जायरो नुसता जोडून ठेवला होता. त्याचा कोड अजून लिहायचाच होता, म्हणून संशय त्याच्याकडे गेलाच नाही.

चौथ्या दिवशी नवा लॉजिक अ‍ॅनालायझर बाहेर काढला. तारांवरचे सिग्नल वर की खाली हे टिपणारा, आठ चॅनेलचा, सेकंदाला २.४ कोटी नमुने घेणारा, बोटाएवढा. पल्सव्ह्यू या सिग्नल पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिलं कॅप्चर घेतलं तर पडद्यावर नुसतं गवत. अ‍ॅनालायझरची ग्राउंडची वायर लावायची राहिली होती. ती सर्किटच्या ग्राउंडला जोडली आणि चित्र एकदम स्वच्छ झालं. नवीन माणसाला मी आता हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगतो: आधी ग्राउंड, मग बाकी.

बसचं क्लॉक (बिटांची लय ठरवणारा सिग्नल) १०० किलोहर्ट्झ होतं, म्हणून नमुन्यांचा वेग ४ मेगाहर्ट्झ ठेवला. म्हणजे क्लॉकच्या एका आवर्तनात ४० नमुने, भरपूर झाले. पत्त्याचे सात बिट नुसत्या डोळ्यांनी वाचता येत होते: ११०१०००, म्हणजे हेक्स (सोळा पायाच्या पद्धतीत) ६८. पाठोपाठ वाचनाचा बिट, आणि नवव्या पल्सला डेटाची लाइन खाली, म्हणजे पोच मिळाली. मग सेकंदांचा बाइट: हेक्स ३६. पुढच्या कॅप्चरलाही ३६. मग ३८.

इथे मी खुर्चीत ताठ बसलो. चूक तारेवरच होती! माझा कोड, लायब्ररी, ते रूपांतर, सगळे निर्दोष. तारेवरून जे येत होतं तेच ते इमानदारीने छापत होते.

शेवटचा बिट मोठा करून पाहिला. विषम सेकंदाला तो वर जायला हवा, पण एकदाही जात नव्हता. आय-टू-सीमध्ये लाइन वर ढकलत कुणीच नाही; ते काम पुल-अप रेझिस्टरचं. जोडलेल्या प्रत्येकाला ती फक्त खाली ओढता येते. दोघं एकाच वेळी बोलले तर ज्याचा शून्य, त्याचं चालतं. मग घड्याळ लाइन सोडून देत असताना ती खाली धरतंय कोण?

कॅप्चर चालू ठेवून जायरोची एसडीएची, म्हणजे डेटाची, वायर उपसली. पुढचाच बाइट: ४१. मग ४२. मग ४३!

डेटाशीट उघडली. दोघांचा पत्ता एकच, हेक्स ६८. जायरो वीज मिळताच झोपेच्या स्थितीत असतो, पण झोपेतही पत्त्याला उत्तर देतो. म्हणजे मी घड्याळाला हाक मारली की दोघंही ओ देत होते, दोघंही आपापला पहिला रजिस्टर (आतला साठवणीचा कप्पा) एकाच क्लॉकवर वाचून दाखवत होते, आणि माझ्या हाती त्या दोन बाइटांचं अँड (दोन्हींत जिथे १, तिथेच १) येत होतं. बसवरचे पत्ते शोधणाऱ्या स्कॅनर प्रोग्रॅमने पहिल्याच दिवशी एकच पत्ता दाखवला होता. दोन मॉड्यूल आणि पत्ता एक, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

लॉजिक अ‍ॅनालायझरला ऑसिलोस्कोपची (सिग्नलचा पूर्ण आकार दाखवणाऱ्या उपकरणाची) जागा घेता येत नाही, हेही सांगतो. त्याला फक्त वर आणि खाली एवढंच दिसतं. पुल-अप कमकुवत असला आणि सिग्नल हळूहळू चढत असला, तर तो उतार त्याला कळणार नाही. पण कोण कुणाला काय म्हणालं, हे इतकं सरळ दुसरं कुठलंच साधन दाखवत नाही.

जायरोची एडी० पिन ३.३ व्होल्टला जोडली की त्याचा पत्ता ६९ होतो. जोडली. एसडीएची वायर परत लावली आणि एक मिनिटभर नुसता पडदा पाहत बसलो. ५७, ५८, ५९, ००, ०१.