वाचनालयाचं कार्ड आणि अडून बसलेला ड्रायव्हर

गिरगावातल्या आमच्या छोट्या वाचनालयात सभासदांना कार्डं द्यायचं ठरलं आणि रीडर लावायचं काम माझ्याकडे आलं. लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीचा कॉन्टॅक्टलेस (कार्ड नुसतं वर ठेवलं की वाचणारा) रीडर बोर्ड आणला, १३.५६ मेगाहर्ट्झचा. सोबत विंडोजची सीडी होती. आमच्या काउंटरवरच्या पीसीवर उबंटू म्हणजे लिनक्स, आणि त्या पीसीला सीडी ड्राइव्हच नाही.

सीडी लागलीही नाही. बहुतेक रीडर यूएसबी कार्ड रीडरसाठीचं सीसीआयडी हे प्रमाण पाळतात, त्यामुळे कंपनीगणिक वेगळा ड्रायव्हर (यंत्र चालवणारा प्रोग्राम) शोधत बसावं लागत नाही. रीडरशी बोलणारी सर्व्हिस पीसीएससीडी आणि तपासणीची साधनं असलेलं पीसीएससी-टूल्स ही दोन पॅकेजं टाकली, लिबसीसीआयडी हा सीसीआयडी रीडरचा ड्रायव्हर त्यांच्यासोबत आपोआप आला. लुडोविक रूसो हे फ्रेंच डेव्हलपर तो कित्येक वर्षं सांभाळत आहेत. कोणते रीडर चालतात याची यादीही ते ठेवतात, आणि आपला बोर्ड त्या यादीत पाहून मी निर्धास्त झालो होतो.

तरी रीडर शोधणारी पीसीएससी_स्कॅन ही कमांड रीडरची वाट पाहत बसली ती बसलीच. जोडलेल्या यूएसबी यंत्रांची यादी देणाऱ्या एलएसयूएसबीत बोर्ड दिसत होता. केबल बदलली, पोर्ट बदलला, पीसी बंद करून चालू केला. संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी पीसीएससीडीची सर्व्हिस थांबवली. तिला गरज पडताच जागं करणारं सॉकेटही थांबवलं (ते राहिलं तर सर्व्हिस मागून पुन्हा उठते, हे लक्षात ठेवा). मग तोच प्रोग्राम 'एफ' (समोरच चालव) आणि 'डी' (तपशील दाखव) हे पर्याय देऊन टर्मिनलमध्येच चालवला. भराभर सरकणाऱ्या ओळींत एक सापडली: इंटरफेस क्लेम होत नाही (म्हणजे बोर्डाचा ताबा मिळत नाही), बिझी. बोर्ड आधीच कुणीतरी धरून ठेवला होता!

तो होता लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधलाच पीएन५३३ ड्रायव्हर. बोर्डाचा यूएसबी ओळख क्रमांक पाहून तो बोर्ड लावताक्षणी ताबा घेतो, मग पीसीएससीडीला जागाच उरत नाही. आरएममॉड या कमांडने त्याचा पीएन५३३_यूएसबी हा भाग काढला, पीसीएससीडी पुन्हा सुरू केलं आणि रीडरचं नाव स्क्रीनवर आलं. पुढच्या वेळी पीसी सुरू होताना तो परत येऊ नये म्हणून मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये पीएन५३३_यूएसबी आणि पीएन५३३ ही दोन्ही नावं ब्लॅकलिस्ट केली, म्हणजे आपोआप सुरू होण्यापासून रोखली. हे विसरलात तर सकाळी पुन्हा तेच.

ग्रंथपाल काकूंनी पहिलं कार्ड ठेवलं. '३बी ८एफ ८० ०१' अशी सुरू होणारी ओळ उमटली. दुसरं कार्ड ठेवलं, तर तीच ओळ.

"अरे, दोघांचा नंबर एकच कसा?"

तो एटीआर, म्हणजे कार्डाचा प्रकार. एका जातीच्या सगळ्या कार्डांचा सारखाच येतो. सभासद ओळखायला यूआयडी, म्हणजे त्या कार्डाचा स्वतःचा क्रमांक, वाचावा लागतो, त्यासाठी 'एफएफ सीए ०० ०० ००' ही कमांड पाठवायची. यूआयडीची नक्कल होऊ शकते, म्हणून फक्त पुस्तकांच्या देवघेवीला तो मी वापरला. पैशांच्या व्यवहाराला कधीच वापरणार नाही. काकूंना दोन वेगळे नंबर दाखवले, तेव्हा त्यांनी ते सभासदांच्या वहीतही लिहून घेतले.