लेडी मॅकबेथची झोप कशाने गेली?

मनोविश्लेषण आणि साहित्य म्हटलं की बऱ्याच ठिकाणी एकच प्रकार दिसतो, पात्रं घ्यायची आणि खाती वाटून टाकायची, हा इड (आतल्या आदिम इच्छा), हा इगो (त्यांना वास्तवाशी जुळवून घेणारा भाग), ती सुपरइगो (आतला नैतिक पहारेकरी), झालं विश्लेषण. मला हे अजिबात पटत नाही. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड, त्याने १९२३ मध्ये हे तीन भाग मांडले ते एकाच माणसाच्या आत चाललेली ओढाताण समजावी म्हणून. आणि त्यातला सुपरइगो म्हणजे आत बसलेला कुणी सज्जन गृहस्थ नव्हे, तो प्रचंड क्रूर असू शकतो, हातून काही घडलं नसलं तरी नुसत्या मनातल्या इच्छेबद्दलही तो माणसाला फोडून काढतो. खलनायकाला इड म्हणून मोकळं झालं की हे सगळं हातातून निसटतं.

मला वाटतं या थिअरीचा खरा उपयोग पात्राचं बालपण उकरून काढण्यात नाहीये, ते पात्र आपल्यासमोर स्वतःपासून स्वतःला कसं वाचवतंय हे बघण्यात आहे. कुठे अडतं, काय पुन्हा पुन्हा बोलतं, कुठे असं कारण देतं जे ऐकायला बरोबर वाटतं पण त्याच्या वागण्याशी जुळत नाही. फ्रॉइडची मुलगी अॅना फ्रॉइड हिने १९३६ च्या पुस्तकात या संरक्षण यंत्रणांचा नीट आढावा घेतलाय, दमन (नकोसं मनाआड दडपणं), प्रक्षेपण (स्वतःचं दुसऱ्यावर ढकलणं) वगैरे, आणि वाचक म्हणून मला ते पुस्तक स्वप्नांच्या प्रतीकांपेक्षा कितीतरी जास्त कामाला येतं.

शेक्सपिअरच्या हॅम्लेटचंच बघा. फ्रॉइडने १९०० च्या स्वप्नांवरच्या पुस्तकात लिहिलं की हा माणूस काहीही करू शकतो, फक्त ज्याने बापाला मारून आईशी लग्न केलं त्याला मारू शकत नाही, कारण त्या माणसाने हॅम्लेटचीच लहानपणची दडपलेली इच्छा पुरी केलीय. फ्रॉइडचा शिष्य अर्नेस्ट जोन्सने हाच धागा १९१० पासून वाढवत नेला आणि १९४९ मध्ये त्याचं अख्खं पुस्तक झालं. आता हॅम्लेटचं ते बालपण नाटकात कुठेच नाही, त्यामुळे तिथे मी थांबते. पण पहिली अर्धी गोष्ट मात्र नाटकात लख्ख दिसते, पडद्यामागे कोण आहे हे न बघता तो तलवार खुपसतो, दोन जुन्या मित्रांना मरणाच्या दारात पाठवतो, आणि बापाचा तो खुनी, क्लॉडियस, एकटा प्रार्थना करत असताना हॅम्लेट म्हणतो की आत्ता मारलं तर हा स्वर्गात जाईल. कारण अगदी तयार, देखणं, आणि तेवढ्यापुरतं सोयीचं! खरं कारण झाकून अशी पटण्याजोगी कारणं देण्याला रॅशनलायझेशन म्हणायचं हे मानसशास्त्रात रुजवलं जोन्सनेच, १९०८ मध्ये, पण हॅम्लेटच्या बाबतीत मला त्याच्या बालपणाच्या तर्कापेक्षा हाच शब्द जास्त पुढे नेतो.

पण मला सगळ्यात आवडतो तो फ्रॉइडचा १९१६ चा निबंध, ज्यात तो शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातल्या लेडी मॅकबेथचा विचार करतो. त्याचा प्रश्न असा की माणसं अपयशाने कोलमडतात हे समजतं, पण हवं ते मिळाल्यावर का कोलमडतात? राज्य मिळावं म्हणून तिचा नवरा मॅकबेथ राजाचा खून करतो, त्या खुनाआधी ही बाई पोलादासारखी आहे, नवरा कच खातो तेव्हा त्याला उभं करते, आणि राणी झाल्यावर हळूहळू विझत जाते आणि शेवटी झोपेत चालत हात धुवत राहते. फ्रॉइड आधी मूल नसण्याचं कारण लावून बघतो, वंशच नाही तर राज्य कुणासाठी, पण मग स्वतःच म्हणतो की नाटकातल्या घटना इतक्या भराभर घडतात की अशा निराशेने माणूस आतून बदलायला वेळच उरत नाही. आणि चक्क कबूल करतो की हे कोडं मला सुटत नाही. स्वतःच्या थिअरीवर इतका विश्वास असलेला माणूस एका नाटकापुढे हात टेकतो, याचं मला फार मोल वाटतं.

नंतर तो लुडविग येकेल्स या मनोविश्लेषकाची एक कल्पना पुढे आणतो, की शेक्सपिअर कधीकधी एकच माणूस दोन पात्रांत विभागतो, त्यामुळे एकेकटं पात्र बघितलं तर ते अर्धवट वाटतं. आणि हे नाटकात पडताळून बघता येतं हो! खुनाच्या रात्री 'आता झोप नाही' असा आवाज मॅकबेथला ऐकू येतो, पण पुढे झोपेत उठून चालते ती. हातावरचं रक्त समुद्राच्या पाण्यानेही जाणार नाही असं तो म्हणतो, ती म्हणते थोडंसं पाणी पुरे, आणि शेवटी अरबस्तानातली सगळी अत्तरंसुद्धा पुरत नाहीत ती तिच्या हाताला. म्हणजे भीतीचं बी त्याच्यात पडतं आणि उगवतं तिच्यात, तो मात्र दगड होत जातो. शिवाय ती खुनाच्या रात्रीच एक वाक्य बोलून गेलेली असते, झोपलेला राजा माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच केलं असतं. त्या एका वाक्यात तिचं पुढचं सगळं कोसळणं आहे असं मला वाटतं, आणि त्यासाठी तिचं बालपण माहीत असायची गरजच नाही.

१९३३ मध्ये एल. सी. नाइट्स या इंग्रज समीक्षकाने 'लेडी मॅकबेथला मुलं किती होती?' अशा मुद्दाम फोल शीर्षकाचा निबंध लिहून नाटकाबाहेर पात्राचं आयुष्य रचणाऱ्या समीक्षेला चांगलंच झापलं होतं. त्याचा आक्षेप मला मान्य आहे, पात्र डॉक्टरच्या कोचावर झोपून मनात येईल ते बोलू शकत नाही, जे लिहिलंय तेवढंच आपल्याकडे आहे. पण म्हणून पात्राच्या मनाबद्दल बोलायचंच नाही हे काही मला जमणार नाही, कारण लिहिलेल्या ओळींतच ते मन दिसत असतं. त्याच १९१६ च्या निबंधात फ्रॉइड इब्सेनच्या 'रोस्मर्सहोल्म' नाटकातल्या रिबेका वेस्टकडे वळतो, जिच्या मनातला पुरुष तिला लग्नाचं विचारतो आणि ती क्षणभर आनंदून लगेच नाही म्हणते, आणि तिथे त्याचा तर्क घट्ट बसतो, कारण तिला दत्तक घेणारा माणूसच तिचा खरा बाप होता हे इब्सेनने संवादात ठेवलेलंय आणि ते ऐकून ती ज्या पद्धतीने हादरते तेही.

शेक्सपिअरच्याच तिसऱ्या रिचर्ड राजावरचं फ्रॉइडचं लिखाण छोटंसं आहे पण मला ते फार जवळचं वाटतं. निसर्गाने मला वेडंवाकडं केलंय, तर मग मला नियम लागू नाहीत, असं रिचर्ड नाटकाच्या सुरुवातीलाच सुचवतो. फ्रॉइड म्हणतो की आपल्यावर जन्मतःच अन्याय झालाय असं आपल्या सगळ्यांनाच कुठेतरी वाटत असतं, म्हणून हा माणूस खुनी आहे हे कळूनही आपण आतून त्याच्या बाजूला सरकतो. आणि पुढे तो लेखनाच्या युक्तीबद्दल बोलतो, की शेक्सपिअर रिचर्डला हे सगळं उघड बोलू देत नाही, अर्धं आपल्यावर सोडतो, कारण पूर्ण बोलला असता तर आपण शांत डोक्याने त्याचं म्हणणं तपासलं असतं आणि त्याच्यापासून लांब झालो असतो.