थंड इंजिनाची तक्रार आणि गरम इंजिनाची तपासणी

त्या बाईंनी गाडी आमच्या गॅरेजमध्ये आणली, तेव्हा किल्लीच्या आधी त्यांनी माझ्या हातात अधिकृत सेवा केंद्राच्या जॉब कार्डांची फाइल दिली. प्रत्येक कार्डावर तक्रार एकच होती: रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की इंजिन मिसिंग करते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो आणि थोड्या वेळाने सगळे सुरळीत होते. वॉरंटीत आधी स्पार्क प्लग बदलले गेले, मग इग्निशन कॉइल, मग इंजेक्टर. त्यानंतरच्या कार्डांवर ‘दोष आढळला नाही’ एवढाच शेरा होता. “मी उगाच तक्रार करते, असं त्यांना वाटतं,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला थकवा मला इंजिनाच्या आवाजाइतकाच महत्त्वाचा वाटला.

मी फाइल पहिल्या पानापासून वाचली. जवळजवळ प्रत्येक कार्डाच्या तळाशी, किरकोळ कामांच्या ओळीत, ‘कूलंट टॉप-अप’ असे लिहिलेले होते. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, यंत्रणा बंदिस्त असते. बाहेर कुठे गळती नसताना त्यात पुन्हा पुन्हा भर घालावी लागत असेल, तर ते द्रव इंजिनाच्या आतच जात असले पाहिजे. स्कॅनरवर पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमधील मिसफायर, असा कोड होता. तो पुसण्याआधी मी त्याच्यासोबत साठवलेली त्या क्षणाची नोंद पाहिली, तर दोष नोंदला गेला तेव्हा इंजिन पूर्ण थंड होते. कोड पुसला की ही नोंदही जाते, आणि सेवा केंद्रात प्रत्येक वेळी तो आधी पुसला जात होता. शिवाय गाडी तिथपर्यंत चालवत नेल्यामुळे तपासणीला उभी राहायची ती गरम होऊनच.

संध्याकाळी इंजिन निवल्यावर मी कूलंटच्या यंत्रणेला प्रेशर टेस्टर जोडला, झाकणावर छापलेल्या मर्यादेइतका दाब दिला आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी काटा खाली आलेला होता, पण गाडीखालची फरशी कोरडी होती. चारही प्लग काढून मी बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत सोडला. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या पिस्टनच्या माथ्यावर नेहमीची काळी काजळी होती; तिसऱ्याचा माथा मात्र घासून धुतल्यासारखा लखलखीत होता आणि त्याच्या कडेला कूलंटचा थेंब साचलेला स्पष्ट दिसत होता. रात्रभर झिरपलेले हेच कूलंट सकाळी मिसिंग घडवत होते. तो थेंब मी बाईंना पडद्यावर दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “म्हणजे पहिल्या दिवसापासून हेच होतं.”

गळती हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या सीलमधून, होत असावी, असा माझा कयास होता. हेड आम्हीच उघडले असते, तर वॉरंटीचा दावा नाकारायला सेवा केंद्राला आयते कारण मिळाले असते. म्हणून मी छायाचित्रांसह अहवाल लिहिला आणि त्यात तक्रारीची पहिली नोंद वॉरंटीच्या मुदतीतली आहे हे ठळकपणे मांडले, कारण तोवर मुदत संपल्याचे सांगून बाईंना परत पाठवण्यात आले होते. वॉरंटीच्या कामाचे पैसे कंपनी बहुधा ठरावीक तासांच्या हिशेबाने देते आणि दोष शोधण्यात गेलेला वेळ त्यात पुरेसा धरला जात नाही, ही सेवा केंद्रातल्या कारागिरांची अडचण मला ठाऊक आहे. तरीही एकामागून एक सुटे भाग बदलत राहणे आणि शेवटी गाडीमालकावरच संशय घेणे याचे समर्थन मला करता येत नाही.

पुढे कंपनीच्या अभियंत्यासमोर हेड उघडले गेले. तिसऱ्या सिलिंडरची कड आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये गॅस्केट तडकलेले निघाले आणि ते काम वॉरंटीत झाले. वाद उरला आहे तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या भागाचा. मिसिंग होताना न जळलेले इंधन तिथे जाऊन पेटते आणि त्या उष्णतेने आतली जाळी वितळू शकते, म्हणून त्याची तपासणीही अहवालात मागितली होती. सेवा केंद्राने ती नाकारली आहे. बाईंनी कंपनीकडे नवा अर्ज दिला आहे आणि त्यासोबत माझे दुसरे पत्र जोडले आहे.