भितरकणिकेला निघताना ओहोटी बघा

ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यात, ब्राह्मणी आणि वैतरणी या नद्यांच्या मुखाशी भितरकणिकेचं कांदळवन पसरलंय. आम्ही भद्रकला रेल्वेतून उतरलो, गाडीने चांदबालीला गेलो आणि तिथून पुढे बोटीने. गुप्तीकडूनही आत जाता येतं. पण खोला ते डांगमाळ या अरुंद खाडीतून एक फेरी कराच, तिथे दोन्ही काठ अगदी जवळून दिसतात.

बोट ठरवताना आधी ओहोटीची वेळ विचारा. भरतीला पाणी थेट झाडीत शिरतं आणि हिरव्या भिंतीपलीकडे फारसं काही दिसत नाही. पाणी उतरू लागलं की चिखल उघडा पडतो. श्वासमुळं वर येतात, निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारू लागतात, एकच नांगी मोठी असलेले लाल खेकडे बिळांबाहेर येतात, आणि त्यांच्या मागावर बगळे. हिवाळ्यात सकाळची ओहोटी मिळाली तर फारच उत्तम, कारण मगरी उन्हासाठी काठावर येऊन पडतात. आमच्या बोटीपासून थोड्याच अंतरावर एक अजस्र नर जबडा उघडा ठेवून पडला होता. बराच वेळ कुणी बोललं नाही. 1975 मध्ये डांगमाळला मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला तेव्हा इथल्या नद्यांत शंभरही मगरी उरल्या नव्हत्या, आता त्या अठराशेच्या घरात आहेत. काठावरच्या गावांत आंघोळीच्या घाटांना पाण्यात कुंपण घातलेलं दिसतं, ते याच मगरींसाठी. या माणसांनी मगरींच्या शेजारी राहायचं पत्करलंय, म्हणून आपल्याला त्या बघायला मिळतात.

खंड्यांसाठी दुर्बीण हवीच. तपकिरी पंखांचा खंड्या आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नाही, तो इथे निवांत बघता येतो.

भरतीचा अंदाज बांधताना कोकणातला तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब (तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायची) इथे लावू नका. जवळच्या धामरा बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, आणि आतल्या खाड्यांत पाणी त्याहून उशिरा चढतं-उतरतं हे धरून चाला. बोटवाल्याचा शब्द मात्र शेवटचा माना.

1 मे ते 31 जुलै उद्यान बंद असतं, मगरींचा विणीचा काळ म्हणून. जानेवारीच्या सुरुवातीलाही मगरींच्या गणनेसाठी काही दिवस बंद ठेवतात, त्यामुळे तिकिटं काढण्याआधी वनखात्याकडे तारखा विचारून घ्या. बगागहनची पक्ष्यांची वसाहत बघायची असेल तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात या, तेव्हा मुग्धबलाक करकोच्यांच्या घरट्यांत पिल्लं असतात. ओळखपत्र जवळ ठेवा, पिण्याचं पाणी भरपूर घ्या, आणि बोटीच्या काठावरून हात पाण्यात सोडू नका.