साठीला आलेल्या धंदेवाल्या जोडप्याचा मेडिक्लेम : पैसे कुठं वाचवायचे आणि कुठं नाही

नोकरीवाल्यांचं बरं असतंय, कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असतो. आमच्या घरात ह्यांचं उद्यमनगरात लेथचं जॉबवर्क आणि माझं घरातच ब्लाउज, फॉल-पिको, म्हणजे पगार नाही, पीएफ नाही, पेन्शन नाही, ईएसआयसी म्हणजे कामगारांचा सरकारी विमा पण नाही कारण तो २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारांसाठी, मालकाला नाही, मग तो मालक स्वतःच मशीनवर उभा राहत असला तरी. हे एकोणसाठचे, मी छप्पन्नची, ह्यांना बीपीची गोळी चालू. असली जोडपी कोल्हापुरात घरटी सापडतील, गुजरीत, लक्ष्मीपुरीत, शिरोलीच्या शेडमधनं, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच की या वयात प्रीमियम परवडत नाही. परवडतो, पण पैसे योग्य जागी वाचवले तर. बरेच जण नेमकं जिथं वाचवू नये तिथं वाचवतात म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी घरातलं रेशनकार्ड काढा. सरकारी खर्चानं उपचार देणारी महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणजे फक्त पिवळ्या-केशरी कार्डाची हे आता जुनं झालं, २०२३ च्या जुलैत सरकारनं निर्णय केला आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही त्यात घेतलं, आणि दीड लाखाची मर्यादा वाढवून कुटुंबाला वर्षाला ५ लाख केली. आपण टॅक्स भरतो, आपल्याला कोण देतंय असं म्हणून लोक चौकशीच करत नाहीत. सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलात, आणि योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारायचं. मात्र ठरलेले उपचार आणि ठरलेली हॉस्पिटलंच, यादीबाहेरचं काही असेल तर योजना लागू होत नाही. म्हणून ती जमिनीसारखी पायाखाली असू दे, पण तेवढ्यावर विसंबून राहू नका. आणि घरात सत्तरीपुढचं कोण असेल तर त्यांचं सरकारी आरोग्य विम्याचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, आधारवर होतं. सासूबाईंचं आम्ही काढलं, त्यामुळं त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यायचा प्रश्न मिटला.

आता आपली स्वतःची पॉलिसी. यात वयाचा हिशेब नीट समजून घ्या. आधीपासून असलेल्या आजाराच्या क्लेमसाठी कंपनी आपल्याला जास्तीत जास्त ३ वर्षं थांबवू शकते, पूर्वी ४ होती, २०२४ पासून ३ झाली. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा असल्या ठराविक गोष्टींना साधारण २ वर्षं वेगळी असतात. म्हणजे ५७ ला घेतली तर साठीला सगळं मोकळं होतं, आणि साठीला घेतली तर जुन्या आजारासाठी ६३ पर्यंत नुसता प्रीमियम भरत बसायचं, तेसुद्धा वाढलेल्या वयाच्या रेटनं. ६५ नंतर नवीन पॉलिसी मिळतच नाही हे आता खरं नाही, वयाची ती आडकाठी २०२४ ला निघाली, पण मिळणं वेगळं आणि परवडणं वेगळं. पोरीचं लग्न झालं की बघू, मशीनचं लोन फिटलं की बघू, यात चार वर्षं कशी जातात कळत नाही.

आता फॉर्म, याच्याबद्दल मला जरा कळकळीनंच सांगायचंय. एजंट घरी येतो, चहा घेतो आणि म्हणतो, "वहिनी, बीपीचं लिहू नका, प्रीमियम वाढतंय." ऐकू नका! आमच्या गल्लीतल्या एका काकांचं असंच झालं. छातीत दुखतंय म्हणून अ‍ॅडमिट केलं, रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरनं विचारलं बीपी कधीपासून आहे, काकूंनी घाबऱ्याघुबऱ्या सांगितलं झाली की दहा-बारा वर्षं, आणि ते केसपेपरवर गेलं. फॉर्मवर मात्र सगळ्या रकान्यांत 'नाही'. कंपनी क्लेमच्या वेळी तेच केसपेपर मागवते, क्लेम नाकारला, एफडी मोडावी लागली. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की कंपनीला असल्या कारणानं क्लेम नाकारता येत नाही, सरळ फसवणूक सिद्ध केली तरच, पण पाच वर्षं आजार थांबतोय होय? आम्ही ह्यांची बीपीची गोळी टेलमिसार्टन ४० लिहिली, कधीपासून चालू ते लिहिलं, माझं पित्ताशयाचं जुनं ऑपरेशनसुद्धा लिहिलं. थोडं लोडिंग, म्हणजे आजारापायी वाढीव प्रीमियम, बसलं. बसू दे. फॉर्म एजंट भरत असला तरी सही करायच्या आधी प्रत्येक रकाना स्वतः वाचा, आणि पॉलिसी हातात आल्यावर परत वाचा, ३० दिवसांत परत करता येते.

पैसे वाचवू नयेत अशी दुसरी जागा रूम रेंटची. स्वस्त पॉलिसीत बारीक अक्षरात असतं, रूम भाडं विम्याच्या १ टक्का. ३ लाखांची पॉलिसी म्हणजे दिवसाला ३ हजार. आता तुम्ही ६ हजारांच्या रूममध्ये राहिलात तर वरचे ३ हजार आपले, बाकी कंपनीचे असं वाटतं ना, तसं नसतंय. रूम दुप्पट म्हणून डॉक्टर, ऑपरेशन, नर्सिंग हे सगळं पण निम्म्यावर येतं. २ लाखांचं बिल धरा, त्यात रूम ५ दिवसांचे ३० हजार, ऑपरेशन-डॉक्टर-नर्सिंग १ लाख २० हजार, औषधं आणि तपासण्या ५० हजार. औषधं-तपासण्यांना ही कपात लागत नाही, ते पूर्ण मिळणार, पण रूमचे १५ आणि ऑपरेशनचे ६०, म्हणजे हातात १ लाख २५ हजार. ७५ हजार खिशातनं! ते कशापायी, तर वर्षाला थोडे प्रीमियमचे वाचवले म्हणून. तसंच २० टक्के को-पे, प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा आपला, साठीपुढच्यांच्या बऱ्याच पॉलिसीत तो असतो, तो टाळता आला तर टाळाच.

कोल्हापूरकरांसाठी आणखी एक, हे एजंटसुद्धा आपणहून सांगत नाहीत. बऱ्याच कंपन्यांत शहराप्रमाणं झोन असतात आणि आपला झोन पुण्या-मुंबईपेक्षा स्वस्त पडतो. चांगलंय, पण आपल्याकडं मोठं काही निघालं की पोरं गाडी काढून पुण्याला नेतात, आणि काही पॉलिसीत स्वस्त झोनवाल्यानं महाग झोनमध्ये उपचार घेतले की को-पे लागतो. तेव्हा घेतानाच विचारा, पुण्यात अ‍ॅडमिट झालो तर किती कापणार, आणि उत्तर मेलवर घ्या.

मग पैसे वाचवायचे कुठं? वरच्या बाजूला. १५-२० लाखांची एकच मोठी पॉलिसी आमच्या वयाला झेपत नाही. त्यापेक्षा ५ लाखांची बेस आणि वर ५ लाख डिडक्टिबलचा, म्हणजे पहिले ५ लाख सोडून वरचं देणारा, सुपर टॉप-अप घ्यायचा. वर्षभरातली बिलं मिळून ५ लाखांच्या वर गेली की वरचा पैसा सुपर टॉप-अप देतो, आणि तिथवर जायची वेळ फार कमी येते म्हणून तो बेसच्या मानानं खूप स्वस्त असतो. नुसता टॉप-अप घेऊ नका, त्यात प्रत्येक बिल वेगळं धरतात, ३-३ लाखांची दोन बिलं झाली तरी एकही ५ च्या वर जात नाही आणि काहीच मिळत नाही. आणि दोघांचा फ्लोटर, म्हणजे दोघांत मिळून एकच पॉलिसी, घेताना दोघांचे वेगवेगळे कोटही मागवा, कारण फ्लोटरचा रेट मोठ्याच्या वयावर ठरतो, वयात जास्त अंतर असेल तर वेगवेगळं घेतलेलं कधी कधी बरं पडतं.

अगदीच ओढाताण असेल तर आरोग्य संजीवनी बघा, ही २०२० ला आलेली स्टँडर्ड पॉलिसी आहे, सगळ्या कंपन्यांत नियम सारखेच, त्यामुळं फक्त प्रीमियम आणि हॉस्पिटलांची यादी बघायची. को-पे ५ टक्केच आहे, रूमला मात्र विम्याच्या २ टक्के आणि कितीही झालं तरी दिवसाला ५ हजार अशी मर्यादा आहे, तेव्हा आपण नेहमी जातो त्या हॉस्पिटलात तेवढ्यात कुठली रूम बसते ते आधी विचारून ठेवा. बँकेची खातेदारांसाठीची ग्रुप पॉलिसी स्वस्त असते, पण बँकेनं उद्या करार मोडला तर काय, हे विचारल्याशिवाय एकट्या तिच्यावर राहू नका.

सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, तेव्हा जुने कोट धरून बसू नका, नवीन मागवा. प्रीमियमवरची इन्कम टॅक्समधली ८० डी ची वजावट ६० च्या आत २५ हजारांपर्यंत आणि साठीपुढं ५० हजारांपर्यंत, पण जुन्या टॅक्स रेजिमवाल्यांनाच, आणि प्रीमियम रोख भरला तर नाहीच. रिन्यूअलची तारीख धंद्याच्या चलतीच्या महिन्यात येईल असं बघा. माझी लग्नसराई आणि दिवाळी, ह्यांच्या पार्ट्यांचं पेमेंट देवाला माहीत, म्हणून आम्ही दिवाळीनंतरची तारीख धरली. पैसे हातात नाहीत म्हणून पॉलिसी तुटली तर सगळी वर्षं पहिल्यापासून मोजायची.

आणि आहे त्या पॉलिसीला कंटाळला असाल तर बंद करू नका, पोर्ट करा म्हणजे दुसऱ्या कंपनीकडं न्या, रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज, म्हणजे थांबलेली वर्षं नव्या कंपनीत धरली जातात. साठीपुढच्यांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयला, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला, विचारावं लागतं, हा जानेवारी २०२५ चा नियम आहे. तरी एकदम उडी दिसली तर लेखी कारण मागा. क्लेम चुकीचा नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीला लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, आपल्याला पुण्याचं ऑफिस लागतं. वकील लागत नाही, फी नाही, फक्त कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं. त्या काकूंना आम्ही कागद लावून दिलेत. फॉर्मवर 'नाही' लिहिलंय त्यामुळं अवघड आहे हे त्यांनाही माहीत आहे, पण रकाने एजंटनं भरले होते, अक्षर त्याचं आहे, तेवढं अर्जात स्पष्ट लिहिलंय.