ओटीपी पुण्याला, आई इंदूरला

इंदूरच्या मराठी घरांत हल्ली हे दृश्य नेहमीचं झालंय. आईवडील सुदामानगर, राजेंद्रनगर नाहीतर लोकमान्यनगरात, मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला. डॉक्टरांची व्हिडिओ अपॉइंटमेंट मुलगा तिकडून घेतो, स्वतःच्याच मोबाइलवरून. सकाळी सव्वाअकराला आई फोन धरून बसते, लॉगिनचा ओटीपी जातो पुण्याला आणि मुलगा असतो मीटिंगमध्ये. ओटीपीची मुदत संपते, डॉक्टर थोडं थांबून पुढचा पेशंट घेतात. खापर फुटतं नेटवर्कवर.

म्हणून पहिलं काम: आईचं खातं आईच्या नंबरवर उघडा. तिच्याकडे साधा बटणांचा फोन असेल तरी चालतं, कारण ओटीपी त्यावर येतो आणि व्हिडिओ घरातल्या दुसऱ्या कुठल्याही फोनवर लावता येतो. आभा क्रमांक, म्हणजे तो १४ अंकी आरोग्य क्रमांक, आधारवरून काढायचा असेल तर आधारला कुठला मोबाइल जोडलाय ते आधी तपासा. बऱ्याच घरांत तिथे पाच वर्षांपूर्वी बंद पडलेला नंबर निघतो.

मुलाच्या खात्यातून सल्ला घेण्यात आणखी एक गोम आहे. ‘कोणासाठी?’ या प्रश्नावर आपोआप ‘स्वतःसाठी’ निवडलेलं असतं. ते बदललं नाही तर ७२ वर्षांच्या आईचं प्रिस्क्रिप्शन ३८ वर्षांच्या पुरुषाच्या नावाने छापून येतं. दवा बाजारातला दुकानदार ते परत करतो, ते एक वेळ परवडलं. पण समोर वय ३८ दिसत असेल आणि चेहरा नीट दिसत नसेल, तर डॉक्टर वेदनाशामक गोळीचा डोस त्या वयाच्या हिशोबाने लिहितील. ७२व्या वर्षी मूत्रपिंडाला ते झेपेलच असं नाही.

‘आईला कशाला त्रास, मीच बोलतो डॉक्टरांशी’ हेही नेहमीचं. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यांत याची वाट आखून दिली आहे. पेशंट समोर नसताना नातेवाईक बोलणार असेल, तर त्याच्याकडे पेशंटचं अधिकारपत्र किंवा नातं सिद्ध करणारा कागद हवा, किंवा आधीच्या प्रत्यक्ष भेटीत पेशंटनेच त्या नातेवाइकाची ओळख डॉक्टरांना पटवून दिलेली हवी. लहान मूल आणि स्वतः निर्णय घेऊ न शकणारा पेशंट यांची गोष्ट वेगळी. चार ओळींचं सहीचं पत्र करून त्याचा फोटो फोनमध्ये ठेवला की काम भागतं. तरी माझं मत विचाराल तर आई बोलू शकत असेल तर आईनेच बोलावं. मुलगा तिसऱ्या खिडकीत असू दे, पण माइक बंद करून.

कारण सगळ्यात मोठा घोळ शब्दांत होतो. इंदूरच्या मराठी माणसाचं हिंदी चोख असतं, पण दुखणं मराठीत येतं. ते बोलताबोलता हिंदीत ढकललं की अर्थ घसरतो. ‘पित्त’ घ्या. ‘पित्त झालंय’ म्हणजे आपल्याकडे छातीत जळजळ, आंबट ढेकर, कधी उलटी झाल्याशिवाय न थांबणारी डोकेदुखीसुद्धा. ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणजे खाजणाऱ्या गांधी, हिंदीत पित्ती. आणि हिंदी डॉक्टरांसमोर नुसतं ‘पित्त की तकलीफ’ म्हटलं तर त्यांच्या डोक्यात आधी पित्ताशयातले खडे येऊ शकतात. एक शब्द आणि औषधांच्या तीन वेगळ्या वाटा.

‘जीव घाबरा होतो’चं आपण ‘घबराहट’ करतो. हिंदीत घबराहट म्हणजे धडधड, घुसमट, घाम किंवा नुसती चिंता, यांतलं काहीही. वयस्क आणि मधुमेही माणसात हृदयाचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो, तेव्हा घबराहट ऐकून चिंतेच्या वाटेने गेलेली चौकशी महागात पडते. त्यापेक्षा शरीर काय करतं ते सांगावं: छाती धडधडते, घाम येतो, दहा मिनिटं टिकतं, जिना चढताना होतं की बसल्याबसल्या. ‘पोटात गोळा येतो’चं शब्दशः हिंदी केलंत तर डॉक्टर गाठ शोधायला लागतील, ‘मरोड’ म्हणा. पोटरीत गोळे येतात त्याला ‘नस चढ़ना’ म्हणतात. पायाला मुंग्या येतात त्याला ‘झुनझुनी’, धाप लागते त्याला ‘साँस फूलना’. ‘कणकण’ला नेमका हिंदी शब्द शोधण्यापेक्षा थर्मामीटर लावून आकडा सांगितलेला बरा.

‘चक्कर’ मात्र दोन्ही भाषांत सारखंच फसवं आहे. खोली गरगर फिरते आणि उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, या दोन वेगळ्या गोष्टी. पहिलीचं मूळ पुष्कळदा कानात असतं, दुसरीचं पुष्कळदा बीपीच्या गोळीत. नुसतं ‘चक्कर येते’ म्हणून थांबायचं नाही.

आता मोजमाप. व्हिडिओवर डॉक्टरांना हात लावता येत नाही, त्यामुळे घरातल्या यंत्रांचे आकडे हीच त्यांची बोटं, आणि ती यंत्रं घरोघरी चुकीची वापरली जातात. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. लघवी करून यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं. पाय जमिनीवर, एकावर एक नकोत. दंड हृदयाच्या पातळीला हवा. हात खाली लोंबत असेल तर आकडा वाढीव येतो. पट्टा उघड्या दंडावर. घरगुती यंत्राचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल तर तो पट्टा बीपी जास्त दाखवणार, आणि नसलेल्या बीपीची गोळी चालू होणार. शिंप्याच्या टेपने एकदा मोजून बघा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्यायचं, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी डॉक्टरांना द्यायची. घरच्या मोजणीत १३५/८५ पासून पुढे जास्त धरतात. कॉल सुरू असताना घाईघाईने घेतलेला एकच आकडा फारसा कामाचा नसतो.

साखर तपासण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला आंब्याचा रस किंवा जिलबीचा पाक लागलेला असेल तर यंत्र त्याचीच साखर मोजतं. आणि सकाळी जिलबी खाण्याची सवय असलेल्या या शहरात हे जरा जोर देऊन सांगावं लागतं. ऑक्सिमीटर मेंदी, नेलपॉलिश आणि गार बोटांवर चुकतो. आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं.

औषधांची नावं पाठ म्हणू नका, पाकिटं एका ताटलीत समोर मांडा. इथे एक सवय आडवी येते. दुकानातून पाच-सहा गोळ्या कापून घेतल्या की नाव आणि मुदत दुकानदाराकडच्या तुकड्यावर राहते. आपल्याकडे उरतात ‘त्या गुलाबी, छोट्या’. नाव असलेला तुकडा मागून घ्यावा, निदान पूर्ण पट्टीचा फोटो काढून ठेवावा. चूर्ण, काढे, होमिओपॅथीच्या गोळ्याही त्याच ताटलीत. त्या ‘औषधांत धरत नाहीत’ म्हणून लपवल्या जातात.

कॉलच्या वेळी फोन हातात धरू नका, पुस्तकांच्या थप्पीला टेकवा. उजेड खिडकीतून तोंडावर पडावा, पाठीमागून नको. पुरळाचे फोटो आधीच पाठवा: एक लांबून, एक जवळून, एक शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दबतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर स्पष्ट राहतो. पायावर सूज असेल तर घरच्या माणसाने नडगीच्या हाडावर अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवावा आणि उचलल्यावर पडलेला खड्डा कॅमेऱ्याला दाखवावा. मिनिटाला श्वास किती, तेही शेजारी बसलेला माणूस मोजू शकतो.

घरात दुसरं कोणीच नसेल तर मी ॲपचा आग्रह सोडून देईन. सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाइन सल्ल्याच्या सेवेत दोन वाटा आहेत. एक घरून, मोबाइल नंबर, ओटीपी आणि टोकन घेऊन. दुसरी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन, जिथे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर बीपी-साखर मोजून वरच्या डॉक्टरांशी जोडून देतात. एकट्या आजींसाठी दुसरी वाट बरी. मोजणारा हात शिकलेला असतो, आणि टोकन, बटणं वगैरे भानगडी त्यांच्या डोक्याला नसतात.

प्रिस्क्रिप्शन आलं की डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, सही आणि पेशंटचं नाव-वय बघा. भारतातल्या कुठल्याही राज्यात नोंदणी असलेले डॉक्टर देशभर ऑनलाइन सल्ला देऊ शकतात. अमेरिकेतल्या डॉक्टर भाच्याचा सल्ला प्रेमाने ऐकावा, पण इथली नोंदणी नसेल तर त्याच्या चिठ्ठीवर इथे औषध मिळत नाही. औषधांचेही गट आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएससारखी साधी औषधं फोनवरच्या सल्ल्यातही लिहिता येतात. काही औषधं पहिल्या भेटीत लिहायला व्हिडिओ लागतो. काही फक्त फेरतपासणीत मिळतात, आणि फेरतपासणी म्हणजे त्याच आजारासाठी, त्याच डॉक्टरांना, सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष भेटलेलं असणं. शेड्यूल एक्स (कडक निर्बंधांच्या औषधांची कायदेशीर यादी) आणि अमली पदार्थ कायद्यातली औषधं ऑनलाइन सल्ल्यात लिहायला बंदी आहे. झोपेच्या बऱ्याच गोळ्या या कायद्याखाली येतात. म्हणून ‘नेहमीचीच तर आहे, लिहून द्या’ म्हटल्यावर डॉक्टर नकार देतात. तो आडमुठेपणा समजू नये.

छातीत दाब, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात गळून पडणं, वाक्य पुरं होण्याआधी धाप लागणं, यांत ॲप उघडायचंच नाही. १०८ लावा, एमवाय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो.

समुपदेशनाचं गणित निराळं आहे. तिथे मोजायची यंत्रं नाहीत, पण बंद दार लागतं. आणि आपल्या घरांत दुपारी दाराला कडी लावली की दोन मिनिटांत कोणीतरी ‘बरं आहे ना?’ म्हणून ठोठावतं. इयरफोन लावले की समुपदेशकाचा आवाज बाहेर जात नाही, आपला मात्र जातोच. दाराच्या बाहेरच्या बाजूला रेडिओ किंवा कूलर चालू ठेवणं हा स्वस्त आणि खरोखर उपयोगी उपाय. गच्ची चालते, उभी केलेली गाडी चालते, चालवताना मुळीच नाही. सासूबाई भजनाला जातात ती वेळ कायमची धरून ठेवली तर उत्तम. सत्र साधारण ४५ ते ५० मिनिटांचं असतं, तेवढा वेळ फोन चार्जरला लावलेला असावा. कोणी खोलीत आलंच तर बोलायचा एक निरुपद्रवी शब्द आधी ठरवून ठेवावा. ‘गॅस सिलिंडर’ म्हटलं की समोरच्याने हवापाण्याचं बोलायला लागायचं.

समोर कोण आहे तेही विचारून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर, ते औषध लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, तो क्रमांक मागायला संकोच नको. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र फार सैल आहे. काही ॲपवर पहिले चार प्रश्न यंत्र विचारतं. माहिती गोळा करण्यापुरतं ते ठीक, पण २०२०च्या तत्त्वांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेला स्वतः पेशंटला सल्ला द्यायला किंवा औषध लिहायला परवानगी नाही.

चांगले समुपदेशक पहिल्याच सत्रात दोन रुक्ष गोष्टी विचारतात. तुम्ही आत्ता नेमके कुठे बसला आहात, खुणेसकट पत्ता. आणि अडचणीत कोणाला फोन करायचा. दुसऱ्याचं उत्तर म्हणून पुण्याच्या मुलाचा नंबर दिला जातो. तो इथे यायला रात्र जाते. पंधरा मिनिटांत दारात उभं राहील असं शेजारचं किंवा नात्यातलं माणूस हवं. कॉल तुटला तर कोणी लावायचा, किती मिनिटांनी, हेही तेव्हाच ठरवा. नाहीतर दोघंही एकमेकांना लावत बसतात आणि दोघांनाही ‘व्यस्त’ ऐकू येतं. सत्रांच्या मधल्या वेळेसाठी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा दिवसरात्र चालते.

राहिला गोपनीयतेचा प्रश्न. जिवाला धोका किंवा लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार असे अपवाद सोडले तर सत्रातलं बोलणं बाहेर जात नाही, घरच्यांकडेही नाही. पण फुटायच्या जागा भलत्याच असतात: बंद पडद्यावर झळकणारा ‘तुमचं सत्र ५ वाजता’ हा संदेश, बँकेच्या उताऱ्यातलं नाव, फॅमिली खात्यात जाऊन बसलेली पावती. लॉक स्क्रीनवरचा मजकूर बंद करा. फी मुलगा भरणार असेल तर पहिल्या सत्राच्या सुरुवातीची पाच मिनिटं त्यालाही कॉलवर घ्या आणि तिघांसमोर बोलून घ्या: पैसे त्याच्याकडून, आठवण आणि ओटीपी आईच्या फोनवर, आणि आत काय बोलणं झालं ते जाणून घ्यायचं असेल तर समुपदेशकांना नाही, आईला विचारायचं.