तुम्ही विचारलंत म्हणून: इमर्जन्सीचं बटण कोणतं घेऊ?

भोसरी-चाकणकडच्या लहान वर्कशॉपमध्ये पॅनेलच्या कामाला गेलो की मालक हमखास विचारतात, "इमर्जन्सीचं बटण कोणत्या कंपनीचं घेऊ?" मी उलट विचारतो, बटण दाबल्यावर तुमचं मशिन थांबायला किती वेळ लागतो? बहुतेकांनी ते कधी मोजलेलं नसतं.

बटण वीज तोडतं, पण फिरणारं वजन त्यानं लगेच थांबत नाही. पिन क्लचच्या जुन्या पॉवर प्रेसवर एकदा पेडल मारलं की रॅम, म्हणजे वरखाली होणारा जड ठोकळा, पुरा स्ट्रोक घेऊनच थांबतो. मोटर बंद केली तरी फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे फिरत्या जड चाकात, तेवढा जोर उरलेलाच असतो. तिथे बोटं वाचतात ती डायपुढच्या, म्हणजे साच्यापुढच्या, संरक्षक गार्डमुळे. बटण जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर गार्ड काढू नका, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. प्रॉडक्शन वाढावं म्हणून गार्ड कोपऱ्यात काढून ठेवलेला दिसला की मला बाकी काही सुचत नाही.

जड स्पिंडल (फिरणारा मुख्य दांडा) असेल तर वीज एकदम तोडल्यावर ते बराच वेळ फिरत राहतं. तिथे ड्राइव्हनं (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेनं) ब्रेक लावून थांबवायचं आणि मग वीज तोडायची. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ६०२०४-१ या मानकात याला श्रेणी १ म्हणतात. तडक वीज तोडणं ही श्रेणी ०. मशिन थांबवून वीज तशीच चालू ठेवणं, म्हणजे श्रेणी २, इमर्जन्सीसाठी चालत नाही.

आता बटण. लाल मशरूम, मागे पिवळी प्लेट, दाबल्यावर अडकून राहणारं आणि फिरवून किंवा ओढून सुटणारं. दुकानात आयईसी ६०९४७-५-५ हे अशा बटणांचं मानक विचारून घ्या. त्यावर हे असेल तर कंपनीचा मी आग्रह धरत नाही. वायरिंग मात्र एनसी कॉन्टॅक्टवरच, म्हणजे एरवी जुळलेला आणि दाबल्यावर तुटणारा. एनओवर, म्हणजे दाबल्यावर जुळणाऱ्यावर, केलं आणि वायर तुटली, तर बटण मेलंय हे अपघात होईपर्यंत कळत नाही. एनसीमध्ये वायर तुटली की मशिन थांबतं. तरी एक धोका उरतो: मागचा कॉन्टॅक्ट ब्लॉक धक्क्यानं डोक्यापासून सुटला तर कॉन्टॅक्ट जुळलेलाच राहतो आणि बटण नुसतं शोभेचं होतं. म्हणून ब्लॉक सुटताच सर्किट तोडणारा प्रकार मिळतो. थोडे जास्त पैसे पडतात, ते द्या. जिथे हात जाण्याची शक्यता आहे तिथे दोन एनसी आणि त्या दोन्हींवर लक्ष ठेवून वीज तोडणारा सेफ्टी रिले.

बटण सोडवल्यावर मशिन आपोआप सुरू होता कामा नये, स्टार्ट वेगळं दाबावं लागलं पाहिजे. उंची जमिनीपासून साधारण ०.६ ते १.७ मीटर. ऑपरेटरइतकाच हेल्परचाही हात पोचू दे. लांब कन्व्हेयर असेल तर बाजूनं ओढदोरीचा स्विच.

रोज सुट्टीला मशिन बंद करायला हेच बटण वापरतात, ते थांबवा. त्यासाठी साधं स्टॉप आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमात कलम २४ मध्ये, चालू यंत्राची वीज आणीबाणीत तोडायची सोय प्रत्येक कामाच्या खोलीत असावी आणि ती सुस्थितीत राखावी, असं म्हटलं होतं. राखणं म्हणजे मशिन चालू असताना, पण जॉब न लावता, एकेक बटण दाबून बघणं. महिन्यातून एकदा तरी करा, ऑपरेटरलाच दाबायला लावा आणि किती सेकंदांत थांबलं ते पॅनेलच्या दारावर लिहून ठेवा.